वर्गणीवर चालणारे माहितीपट : बडोद्यातील एका सभासदाचा अनुभव

बडोद्यातील काही तरुण चित्रकर्मींचा एक छोटा गट सभासदांच्या मासिक वर्गणीतून शहरातील माणसांवर माहितीपट तयार करतो. गेल्या पावसाळ्यापासून मी त्याचा सभासद आहे आणि वर्गणी पुढेही चालू ठेवणार आहे. त्यामागचे मुख्य कारण त्यांनी केलेला पुरावरचा माहितीपट हे आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा वृत्तवाहिन्यांना मगरींपलीकडे फारसे काही दिसले नाही. या मंडळींनी मगरी जवळजवळ वगळल्या आणि तळमजल्यावरची कुटुंबे भिजलेली कागदपत्रे गच्चीवर कशी वाळवत होती, कोणाचे कपाट उघडेना, विम्याच्या कागदांसाठी कोणी किती खेपा घातल्या, हे शांतपणे टिपले. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या ‘कांस’ नावाच्या नाल्यांवर भराव घालून झालेल्या बांधकामाचाही एक प्रसंग त्यात होता. कच्चे संकलन सभासदांना दाखवले जाते, तेव्हा मोठी वर्गणी देणाऱ्या एका गृहस्थांनी तो काढून टाकण्याची मागणी केली, कारण दृश्यातील सोसायटी त्यांचीच होती आणि घरांच्या किमती उतरतील अशी त्यांना भीती होती. गटाने तपशील पुन्हा पडताळला, सोसायटीचे म्हणणे दोन वाक्यांत जोडले आणि प्रसंग ठेवला. ते गृहस्थ सभासदत्व सोडून गेले.

गटाचा हा निर्णय मला पटला, परंतु मोठी वर्गणी देणाऱ्यांसाठी ‘आश्रयदाते’ नावाचा वरचा वर्ग मुळात असावाच का, हा प्रश्न राहतो. बडोद्याजवळच्या आणंदच्या दूध संघाशी जोडलेल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्यातून श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा चित्रपट १९७६ साली उभा राहिला. तेथे एकाच्या नाराजीने काहीही अडण्यासारखे नव्हते, कारण कोणाचेच दोन रुपये दुसऱ्यापेक्षा जड नव्हते. इथे मात्र एक गृहस्थ गेले आणि पुढच्या चित्रीकरणाची तारीख लांबली.

पैसे भरण्याची व्यवस्था चोख आहे. यूपीआयच्या ऑटोपेवर रक्कम कापण्याच्या आदल्या दिवशी सूचना येते आणि सभासदत्व केव्हाही थांबवता येते. हिशेबाबाबत मात्र मी समाधानी नाही. सभासदांना पाठवल्या जाणाऱ्या पत्रकात ‘निर्मिती खर्च’ अशी एकच ओळ असते. छायाचित्रकाराचे मानधन, ध्वनी आणि प्रवास वेगळे दाखवावेत, आणि ज्यांच्या घरात चित्रीकरण झाले त्यांना काही दिले का, हेही लिहावे. ध्वनीवरील खर्च तर वाढवायलाच हवा, कारण जुन्या वाड्यांतील मुलाखतींत आवाज इतका घुमतो की आमच्या आजी-आजोबांचे गुजरातीमिश्रित मराठी ऐकण्याऐवजी उपशीर्षके वाचावी लागतात, आणि तीही घाईने पुढे सरकतात.

माहितीपट दोन-तीन महिन्यांतून एखादाच येतो, त्यामुळे ज्यांना दर आठवड्याला नवे काही पाहायचे आहे त्यांची निराशा होईल. नवीन सभासदांनी वार्षिक रक्कम एकदम न भरता मासिक वर्गणीच निवडावी. सर्वांना एकच दर लावावा, असे मी गटाला लेखी कळवले असून, हा विषय पुढील सभासद-बैठकीत घेण्याचे त्यांनी मान्य केले आहे.