ससा, गिनी पिग की पक्षी? कुंड्यांच्या खतासाठी कोणाचं घ्यावं

घरात ससा, गिनी पिग, पक्षी किंवा कासव आहे आणि सोबत थोड्या कुंड्याही आहेत, अशा माणसाला पिंजरा साफ करताना कधीतरी वाटतंच की एवढं सगळं कचऱ्यात कशाला टाकायचं? मी सहा वर्षांपूर्वी टाकणं बंद केलं. पहिली तीन वर्षं आमच्याकडे गिनी पिग आणि बजी (पोपटाच्या जातीचे छोटे पक्षी) होते, ससे नंतर आले. तिन्हींचं खत मी स्वतः करून झाडांना घातलं आहे, त्यात चुकाही केल्या आहेत. कोणाचं वापरावं याचा विचार करणाऱ्याला त्याचा उपयोग व्हावा.

नत्र, स्फुरद, पालाश यांच्या आकड्यांत मी फार शिरत नाही. सशाच्या लेंड्यांत नत्र २ टक्क्यांच्या थोडं वर धरतात. गिनी पिगही गवतच खातो आणि त्याचं पचनही सशाच्याच रीतीचं असतं. झाडांकडे पाहून मला तरी दोघांच्या खतातला फरक सांगता येणार नाही. माझी निवड झाली ती लेंडी हातात कशी येते यावरून. ती सुटी आणि कोरडी मिळते, की भलत्याच कशात कालवून मिळते?

आधी जे बाद केलं ते. फेरेट असो की साप, मांस खाणाऱ्याची विष्ठा मी खतात घेत नाही. तिच्यात परजीवींची अंडी आणि रोगजंतू असण्याची शक्यता जास्त. ते मरायला ढिगाच्या आत ५५ अंश सेल्सिअसच्या वरची ऊब निदान ३ दिवस टिकावी लागते, आणि बादलीभर खताला तेवढी ऊब धरवत नाही. हॅमस्टर सगळंच खातो आणि विष्ठा चिमूटभर करतो, म्हणून तोही सोडला. कासवाच्या बाबतीत मी बराच काळ घुटमळलो, कारण जमिनीवरची बरीच कासवं पालाच खातात. पण कासव ठणठणीत दिसत असलं तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो. अमेरिकेत ४ इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे, ती लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे. खायच्या झाडांजवळ ते नकोच.

पक्ष्यांची शीट तिन्हींत सगळ्यात जोरकस. पक्षी वेगळी लघवी करत नाहीत. शीटेतला पांढरा भाग म्हणजे यूरिक आम्ल, आणि त्यातच बहुतेक नत्र असतं. पेरूच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या शीटेचे, म्हणजे ग्वानोचे, डोंगर साठले होते. तिथे पाऊस जवळपास पडत नाही, म्हणून त्यातलं नत्र वाहून न जाता टिकलं. एकोणिसाव्या शतकात ते जहाजं भरभरून शेतीसाठी नेलं जात होतं. घरच्या पिंजऱ्याखालची शीटही झाकूनच मुरवावी, हे मी त्यावरूनच घेतलं.

ताकद असूनही ती मला परवडली नाही. कच्ची घातली की कोवळी मुळं जळतात. माझ्या मिरचीच्या चार रोपांची पानं कडेने करपली होती. दुसरं म्हणजे बजी जितकं खातात तितकंच सांडतात. पुढे प्रत्येक कुंडीत राळं आणि बाजरीची रोपं उगवली. उपटली तरी आठवड्यात पुन्हा तयार. तिसरी गोष्ट तब्येतीची. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांच्या वाळलेल्या शीटेची धूळ श्वासातून गेली तर सिटॅकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. म्हणून शीट झाडण्याआधी पाणी फवारून ओली करायची आणि तोंडाला मास्क लावायचा. ज्याला एवढं रोज पाळता येईल त्याने जरूर करावं. माझ्याकडून ते सातत्याने झालं नाही.

राहिले गिनी पिग आणि ससा. खताच्या दर्जात दोघे तोडीस तोड आहेत. लेंड्या कोरड्या आणि फारसा वास नसलेल्या; फक्त गिनी पिगची लेंडी लांबट आणि सशाची वाटाण्यासारखी गोल. नत्र हळूहळू सुटतं, त्यामुळे शीटेसारखी मुळं जळत नाहीत. शेळीचं लेंडीखत वापरलेल्याला या कुठल्याच लेंडीची सवय करून घ्यावी लागणार नाही.

गिनी पिग मात्र जिथे असेल तिथे लेंडी टाकतो. खाताना, पळताना, झोपताना. दिवसाला एकेकाच्या शंभरावर सहज भरतात आणि त्या पिंजराभर पसरतात. आम्ही खाली लाकडाचा भुसा घालायचो, बहुतेक जण तेच घालतात. पहिल्या वर्षी मी भुशासकट सगळं खताच्या ड्रममध्ये ओतत गेलो. आठ महिन्यांनी झाकण उघडलं तर लेंड्या दिसेनाशा झालेल्या आणि भुसा तसाच्या तसा, फक्त काळपट. तरी मी ते टोमॅटोच्या कुंड्यांत घातलं. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली आणि रोपं वाढायची थांबली.

कारण नंतर कळलं. खत नीट कुजायला कर्ब आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं लागतं. लाकडाच्या भुशात ते काहीशे ला १ असतं. तो कुजवणाऱ्या जीवाणूंना नत्र पुरत नाही, मग ते मातीतलं ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. थोडक्यात, ज्याला मी खत समजत होतो ते माझ्या टोमॅटोंच्या तोंडचा घास काढत होतं.

मग मी भुसा वेगळा करायच्या मागे लागलो. हे काम ऐकायला सोपं वाटतं. चाळण घेतली, तर बारीक भुसा खाली पडायचा आणि मोठ्या ढलप्या लेंड्यांबरोबर वरच राहायच्या. लघवीने ओला झालेला भुसा तर लेंडीला चिकटूनच बसायचा. चिमट्याने वेचून पाहिलं. रोज सकाळी वीसेक मिनिटं जायची आणि हाती यायची ओंजळभर. घाईच्या दिवशी वेचणं राहिलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट. जवळजवळ वर्षभर मी हे केलं, आणि खत बंद करायच्या विचारापर्यंत आलो तो केवळ या वेचण्यामुळे.

ससे आले आणि हा प्रश्नच उरला नाही. सशाला एक कोपरा ठरवून तिथेच घाण करायची सवय असते. तो कोपरा हेरून तिथे ट्रे ठेवला, कडेला खायचं गवत टांगलं, की तो खाता खाताच त्या ट्रेमध्ये लेंड्या टाकतो. माझ्या दोन सशांना हे जमायला तीन आठवडे लागले. ट्रेच्या तळाशी कागदाच्या गोळ्यांचं अंथरण आणि त्यावर बोटाच्या पेराएवढ्या भोकांची प्लास्टिकची जाळी आहे. लघवी खाली जाते, काही लेंड्याही जातात, पण बऱ्याचशा वरच राहतात. सकाळी जाळी उचलायची आणि डब्यात झटकायची. दोन मिनिटं लागतात. प्रत्येक ससा इतका शिस्तीचा नसतो, हेही सांगायला हवं. नसबंदी न केलेले ससे हद्द आखायला घरभर लेंड्या टाकत हिंडतात.

सशाच्याही काही कटकटी आहेत. लघवी फार उग्र असते. ट्रेच्या तळाचं अंथरण मी कुंडीत कधीच घालत नाही, ते सुक्या पाल्याबरोबर ड्रममध्ये वेगळं मुरवतो. कधी कधी मऊ, चिकट, घोसासारख्या लेंड्या पडलेल्या दिसतात. त्या ससा एरवी पुन्हा खातो, कारण त्यांत जीवनसत्त्वं असतात. त्या पडून राहायला लागल्या तर खताआधी सशाच्या खाण्याकडे बघावं.

गवताबद्दल मात्र थोडं सावध राहावं, आणि हे गिनी पिगलाही लागू आहे. अमिनोपायरॅलिडसारखं तणनाशक मारलेलं गवत प्राण्याने खाल्लं तर त्याला काही होत नाही, पण ते तणनाशक विष्ठेतून जसंच्या तसं बाहेर येतं. ब्रिटनमध्ये २००८ साली अशा खतामुळे अनेकांच्या भाज्यांची पानं वळून गेली आणि त्या औषधाची विक्री काही काळ थांबवावी लागली. म्हणून गवताचा नवा गठ्ठा सुरू केला की त्या लेंड्या मातीत मिसळून एका कुंडीत घेवड्याचे चार दाणे पेरतो. तीन आठवड्यांत पानं सरळ आली तर निर्धास्त, आखडून वळली तर त्या गवताचं काहीच वापरायचं नाही.

लेंड्या थेट घालाव्यात की मुरवून, यावर मतं वेगळी आहेत. गुलाब-जास्वंदीला मी थेट मूठभर घालून मातीत मिसळतो. खायच्या झाडांना मुरवूनच. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं खत घातल्यावर मातीला टेकणाऱ्या पिकाची काढणी १२० दिवसांनी आणि इतर पिकांची ९० दिवसांनी करायला सांगितली आहे. पालेभाजीला एवढं थांबणं शक्य नसतं. माझ्याकडे मुरवायचं काम गांडुळं करतात. सशाच्या लेंड्या त्यांना फार आवडतात. पक्ष्यांची शीट घातली तेव्हा तीच गांडुळं अमोनियाने हैराण होऊन डब्याच्या भिंतींवर चढली होती.

ज्यांच्याकडे गिनी पिगच आहेत त्यांनी खतासाठी ससा आणावा असं मी अजिबात म्हणणार नाही. आठ-दहा वर्षांचा जीव आहे तो. त्यांनी भुसा बंद करून फ्लीसचं कापड अंथरावं. आमच्याकडेही आता तेच आहे. छोट्या ब्रशने लेंड्या सुपलीत ओढल्या की पाच-सात मिनिटांत काम होतं, कापड मात्र तीन-चार दिवसांनी धुवावं लागतं. पण ज्याच्या घरी दोन्ही आहेत आणि वेळ एकासाठीच आहे, त्याने सशाचा ट्रे आधी लावावा.

जनावराला जंताचं औषध चालू असेल तर ते विष्ठेतूनही बाहेर पडतं. त्या दिवसांतल्या लेंड्या मी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवतो, गांडुळांच्या डब्यात घालत नाही.