सेंटरिंग मायक्रोस्कोपच्या व्हिडिओतला गंजाचा ठिपका

बंद पडलेल्या टूलरूममधून (कारखान्यातल्या हत्यारे-साचे बनवण्याच्या विभागातून) निघालेला सेंटरिंग मायक्रोस्कोप, म्हणजे यंत्रावर भोकाचा मध्य शोधण्याचे उपकरण, म्हणून ₹18,500 ला जे उपकरण मला विकण्यात आले, ते मायक्रोस्कोप होते यात शंका नाही, परंतु सेंटरिंगच्या कामाचे मुळीच नव्हते. ही फसवणूक विचारपूर्वक रचलेली होती. विक्रेत्याला हे उपकरण कसे तपासतात हे नीट ठाऊक होते आणि त्या तपासणीतून सुटण्याची तयारी त्याने आधीच करून ठेवली होती. घरच्या वर्कशॉपसाठी असे जुने उपकरण शोधणाऱ्यांना त्याची पद्धत कळावी, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी घरी जुन्या लोलकाच्या घड्याळांची दुरुस्ती करतो. पितळी प्लेटमधले भोक वर्षानुवर्षांच्या दाबाने एका बाजूला झिजून लांबट झालेले असते. ते मूळ केंद्रावर पुन्हा बोअर करून त्यात बुश (बारीक धातूची नळी) बसवायचा असतो. भोक जेमतेम एक-दीड मिलीमीटरचे असल्यामुळे पपी डायलचा (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचा) गोळा त्यात शिरत नाही आणि जॉबची कड शोधणाऱ्या एज फाइंडरचाही उपयोग होत नाही. सेंटरिंग मायक्रोस्कोप मात्र ड्रिलच्या जागी थेट स्पिंडलमध्ये, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्यात बसतो. त्याच्या रेटिकलवर (आतल्या काचेच्या चकतीवर) अधिक चिन्हाच्या रेषा आणि त्यांच्याभोवती समकेंद्री वर्तुळे कोरलेली असतात. भोकाची न झिजलेली कड त्यातल्या एखाद्या वर्तुळाशी जुळवून घेतली की मूळ केंद्र सापडते. जिनिव्हासारख्या ठिकाणी बनलेल्या जिग बोअरर (अचूक जागी भोके पाडणाऱ्या) यंत्रांबरोबर अशी उपकरणे मिळत असत. आपल्याकडच्या टूलरूममध्ये सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रे) आणि सीएमएम (संगणकावर चालणारी मापनयंत्रे) आल्यावर जुनी यंत्रे भंगारात निघू लागली आणि त्यांची उपकरणे सुटी विकली जाऊ लागली. त्यामुळे जाहिरातीतली ‘टूलरूम बंद झाली’ ही हकीकत अविश्वसनीय वाटण्याचे कारण नव्हते.

या उपकरणाची सर्व किंमत एका गोष्टीवर ठरते. रेटिकलचा मध्य स्पिंडलच्या अक्षावर असला पाहिजे. हे तपासण्यासाठी टेबलावरचा एखादा बारीक ठिपका रेषांच्या छेदावर आणतात आणि स्पिंडल हाताने अर्धा फेरा फिरवतात. ठिपका छेदावरच राहिला तर उपकरण बरोबर आहे. तो सरकला, तर जितका सरकला त्याच्या निम्मी चूक उपकरणात आहे. मग निम्मे अंतर टेबल सरकवून आणि निम्मे रेटिकलच्या स्क्रूंनी काढायचे आणि पुन्हा फिरवून पाहायचे. चांगल्या उपकरणात या कामासाठी चार बारीक स्क्रू असतात.

विक्रेत्याकडे मी याच तपासणीचा व्हिडिओ मागितला होता आणि त्याने तो तासाभरात पाठवला. आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) मोबाइल धरून काढलेल्या त्या व्हिडिओत ग्राइंडिंग केलेल्या पोलादी पट्टीवरचे बारीक भोक रेषांच्या बरोबर मध्यावर दिसत होते. मग क्षणभर चित्र हलले, ‘आता एकशेऐंशी फिरवले बघा, साहेब’ असा आवाज आला आणि भोक पुन्हा मध्यावरच दिसले. मोबाइल आयपीसवरून काढून पुन्हा धरावा लागतो, त्यामुळे मधला खंड स्वाभाविक वाटत होता.

पार्सल हातात आल्यानंतर तोच व्हिडिओ मोठ्या पडद्यावर सावकाश पाहिला, तेव्हा त्यातली लबाडी उघड झाली. रेटिकल मायक्रोस्कोपबरोबर फिरत असल्यामुळे आयपीसमध्ये रेषा स्थिर दिसतात आणि खालचा जॉब (टेबलावरचा तुकडा) उलट दिशेने फिरल्यासारखा दिसतो. अर्धा फेरा झाल्यावर भोकाच्या उजवीकडची खूण डावीकडे दिसलीच पाहिजे. व्हिडिओत भोकाच्या उजव्या बाजूला गंजाचा एक लहानसा, शेपूट असलेला ठिपका होता. ‘फिरवल्यानंतर’ही तो उजवीकडेच होता आणि त्याचे शेपूटही त्याच दिशेला होते. म्हणजे स्पिंडल फिरवलेलाच नव्हता. ग्राइंडिंगच्या समांतर रेषांची पट्टीही मुद्दाम निवडलेली असावी, कारण अशा रेषा अर्ध्या फेऱ्यानंतर पहिल्याच दिशेत दिसतात आणि पाहणाऱ्याला काही बदलले नाही यात वावगे वाटत नाही. एका गंजाच्या ठिपक्याकडे मात्र त्याचे दुर्लक्ष झाले.

उपकरणाची अवस्था या व्हिडिओला साजेशीच होती. मूळ टेपर (निमुळता) शँक, म्हणजे स्पिंडलमध्ये धरायचा दांडा, कापून टाकलेला होता आणि त्या जागी वीस मिलीमीटरचा सरळ शँक चिकटवलेला होता. जोडावरून एपॉक्सीचा ओघळ आला होता आणि तो राखाडी हॅमरटोन रंगाने झाकला होता. शँक कोलेटमध्ये (स्पिंडलच्या पकडीत) धरून मायक्रोस्कोपच्या नळीला पपी डायल लावला, तेव्हा काटा शतांश मिलीमीटरमध्ये नव्हे, तर दशांशात हलत होता. घड्याळाच्या भोकासाठी ही चूक अवाढव्य आहे. तरीही एवढी चूक रेटिकलच्या स्क्रूंनी कदाचित काढता आली असती, परंतु चारपैकी दोन स्क्रूंची डोकी तुटलेली होती आणि भोकांत पुट्टी भरून वर रंग मारलेला होता.

रेटिकल पाहून तर मला अधिक संताप आला. अस्सल रेटिकलवर काचेवर कोरलेली रेषा कडेपर्यंत सारख्या जाडीची असते. येथे तीव्र उजेडात वर्तुळाची कड ठिपक्याठिपक्यांची दिसत होती. साध्या काचेवर छापील पारदर्शक फिल्मचा गोल तुकडा चिकटवला होता आणि त्याच्या एका काठाखाली हवेचा बुडबुडाही राहिला होता. जाहिरातीत वर्तुळांमधले अंतर 0.1 मिलीमीटर असल्याचे लिहिले होते. भोकाची कड एका वर्तुळावरून पुढच्या वर्तुळावर आणत टेबल किती सरकले ते आकड्यांत दाखवणाऱ्या डीआरओवर मी ते मोजले. आडव्या दिशेचे माप उभ्या दिशेच्या मापाशी जुळेना, म्हणजे वर्तुळे गोल नव्हतीच. प्रिझमचा एक कोपरा उडालेला होता आणि त्यावर काळा रंग लावला होता. भिंगावरच्या बुरशीबद्दल माझी तक्रार नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात जुन्या भिंगांना बुरशी धरतेच आणि ती वेळेत दिसली तर साफही करता येते.

सोबत कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्रही पाठवले होते. त्यावर एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) बोधचिन्ह होते, पण प्रयोगशाळेचा मान्यता क्रमांक नव्हता आणि उपकरणावर ठोकलेला अनुक्रमांकही कोठे नमूद केलेला नव्हता. ज्या प्रमाणपत्रावर उपकरणाची ओळखच नाही, ते कोणत्याही उपकरणासोबत देता येते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे नाव एनएबीएलच्या संकेतस्थळावर शोधता येते. या प्रमाणपत्रावरचे नाव तेथे मिळाले नाही.

मी विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तेव्हा त्याने आधी कुरिअरवर खापर फोडले. कुरिअरमध्ये शँक कापला जाऊन त्याच्या जागी दुसरा चिकटवला कसा जाईल, असे विचारल्यावर ‘जुना माल आहे, जसा आहे तसा दिला’ हे उत्तर आले आणि नंतर माझा क्रमांक ब्लॉक झाला. पैसे यूपीआयने ज्या खात्यात गेले, त्यावरचे नाव जाहिरातीतल्या नावापेक्षा वेगळे होते. त्याचे कारण त्याने ‘भावाचे खाते’ असे सांगितले होते.

मी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर तेथे जितक्या लवकर कळवाल तितके बरे, कारण खात्यातून रक्कम पुढे जाण्याआधीच ती गोठवता आली तर येते. त्याशिवाय ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हे संरक्षण मिळत नाही, त्यामुळे उपकरण घरच्या वापरासाठी घेतल्याचे अर्जात स्पष्ट लिहिले. समोरचा माणूस घरातली एखादी वस्तू विकणारा नसून नियमित विक्री करणारा आहे, हे दाखवण्यासाठी त्याच्या इतर जाहिरातींची चित्रे तारखेसह जोडली. त्यांत निरनिराळी यंत्रे होती आणि सर्वांवर तोच राखाडी हॅमरटोन रंग होता. प्रकरण अजून प्रलंबित आहे.

असे उपकरण लांबून घ्यायचेच असेल, तर एका अखंड व्हिडिओचा आग्रह धरावा आणि तो चालू असतानाच स्पिंडल फिरवायला सांगावे. अर्धा फेरा पुरेसा नाही, पाव-पाव फेऱ्यावर थांबून दाखवायला सांगावे, कारण पाव फेऱ्यावर खालच्या पट्टीवरच्या रेषा आडव्याच्या उभ्या झालेल्या दिसतातच आणि ते खोटे करणे अवघड असते. भोकाजवळ मार्करने एक बाण काढून घ्यावा, म्हणजे तो कोणत्या दिशेला वळतो ते कळते. शँक आणि नळी यांच्या जोडाचे, तसेच रेटिकलच्या चारही स्क्रूंचे जवळून काढलेले छायाचित्र मागावे. ‘स्क्रू दिसत नाहीत, आत आहेत’ असे उत्तर आले तर रंगाखाली पुट्टी आहे असे धरून चालावे. शक्य असल्यास आपला पपी डायल घेऊन स्वतः जावे आणि शँकला नव्हे, तर ऑब्जेक्टिव्हजवळच्या (खालच्या भिंगाजवळच्या) नळीला लावून पाहावा, कारण शँकजवळ थोडे वाटणारे रनआउट (फिरताना अक्षापासून होणारे डोलणे) खाली तेथे वाढलेले दिसते.