ओझरची एचएएल की मुंबईचं माझगाव डॉक? आधी ऑर्डरींचा इतिहास बघा

नाशिककडे इंजिनिअरिंगचा डिप्लोमा हातात पडला की नोकरीसाठी विमानं बांधणारी ओझरची एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) की जहाजं-पाणबुड्या बांधणारं माझगाव डॉक, हा विषय घरोघरी निघतो. पगार, क्वार्टर, बदली यांची चौकशी सगळेच करतात. माझं म्हणणं, कंपनीचा इतिहास आधी वाचा. काम कधी भरभरून आलं आणि कधी आटलं, ते तिथेच कळतं.

एचएएलची मुहूर्तमेढ सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची. डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन त्यांनी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. 1942 मध्ये, ऐन युद्धात, सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. ओझरचा कारखाना मात्र या कंपनीतून आलेला नाही. मिग-21 साठी 1963 मध्ये सरकारने एरोनॉटिक्स इंडिया ही वेगळी कंपनी उभारली. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. 1 ऑक्टोबर 1964 ला दोन्ही कंपन्या एक झाल्या. अष्टविनायकातल्या ओझरपासून वेगळं सांगायला लोक आजही ‘ओझर मिग’ म्हणतात.

माझगावची गोदी 1774 ची. 1934 मध्ये तिची कंपनी झाली, 1960 मध्ये सरकारने ती ब्रिटिश जहाज कंपन्यांकडून घेतली आणि 1972 मध्ये ‘निलगिरी’ ही युद्धनौका इथूनच नौदलात गेली.

पण खरा धडा पाणबुड्यांचा आहे. पाणबुडीच्या कवचाचा सांधा क्ष-किरणांनी तपासतात. बारीकशी पोकळी दिसली तरी तो खरवडून पुन्हा भरायचा. असा वेल्डर घडायला वर्षं लागतात. माझगावने ते कसब कमावलं होतं. जर्मन आराखड्यावरची ‘शाल्की’ 1992 मध्ये, ‘शंकुल’ 1994 मध्ये नौदलात दाखल झाली. पण त्या व्यवहारात 1987 मध्येच लाचेचे आरोप झाले होते, त्यामुळे पुढच्या पाणबुड्या बारगळल्या आणि शिकलेले हात पांगले. फ्रेंच आराखड्याचा करार व्हायला 2005 उजाडलं, ‘कलवरी’ नौदलात यायला 2017. मधली तेवीस वर्षं आठवली की आजही जीव हळहळतो.

ओझरलाही सुखोईची मोठी ऑर्डर संपत आल्यावर पुढे काय, हा घोर होताच. डिसेंबर 2024 मध्ये आणखी 12 सुखोईंचा करार झाला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकच्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं.

तेव्हा विमानातच जीव असेल तर ओझर निवडा. तेजस मार्क-1ए च्या 83 आणि 97 अशा दोन ऑर्डरी एचएएलच्या हातात आहेत. अमेरिकेतून येणारी इंजिनं रखडली आहेत हे खरं, पण काम आटलेलं नाही. एचएएलचे कारखाने देशभर विखुरलेत, तेव्हा बदलीची तयारी ठेवा.

वेल्डिंग, पाइपिंग, जड यंत्रं आवडत असतील आणि मुंबईतच राहायचं असेल तर माझगाव. तिथे पाणबुडी विभागात जायचं असेल तर अर्जाआधी एक गोष्ट तपासा. सहा फ्रेंच पाणबुड्यांतली शेवटची ‘वागशीर’ जानेवारी 2025 मध्येच नौदलात गेली, आणि पुढच्या सहांसाठी जर्मन कंपनीशी बोलणी त्याच वर्षी सुरू झाली. त्या करारावर सही झाली आहे का?