वांग घालवण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

गालांवरचा वांग कमी व्हावा म्हणून मी एका सौंदर्योपचार केंद्रात गेले, तेव्हा हे फळांपासून काढलेले सौम्य आम्ल आहे, दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल आणि सहा वेळा पील केले, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढला, की डाग कायमचे जातील, असे मला छातीठोकपणे सांगण्यात आले. सहाही वेळचे पैसे आगाऊ घेतले गेले. पावतीवर मात्र आम्लाचे नाव किंवा त्याची तीव्रता लिहिलेली नव्हती. बाटलीवर लेबल नसल्याचे मी पाहिले होते आणि तरीही विचारले नाही, याची खंत अजून वाटते.

द्रव लावताच चेहऱ्याची आग होऊ लागली आणि थोड्याच वेळात उजव्या गालावर चुना फासल्यासारखा पांढरेपणा आला, जो ओल्या कापसाने पुसूनही जाईना. 'असेच होते,' एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी तोंडाच्या कडेची कातडी तपकिरी होऊन ताठरली व सुटू लागली. फोन केल्यावर ती ओढून काढण्यास सांगण्यात आले, आणि मी ओढली. खाली ओलसर लाल त्वचा होती. नेमका तिथेच पुढे वांगापेक्षाही गडद डाग पडला.

त्वचारोगतज्ज्ञांनी सर्व ऐकून घेतले आणि ते फळांचे सौम्य आम्ल नव्हे, तर बहुधा ट्रायक्लोरोॲसेटिक हे अधिक तीव्र आम्ल असावे, असे सांगितले. पीलसाठीच वापरल्या जाणाऱ्या सॅलिसिलिक आम्लाने येणारा पांढरा थर स्फटिकांचा असतो व तो पुसला जातो. न पुसला जाणारा पांढरेपणा म्हणजे त्वचेतील प्रथिने गोठल्याची खूण. वरवरचे पील आठवडाभरात भरून येते, मध्यम खोलीच्या पीलला मात्र एक ते दोन आठवडे लागतात आणि लाली त्यानंतरही टिकू शकते. या काळात कातडी आपोआप गळू द्यायची, साधे मलम लावून ती ओलसर ठेवायची आणि ऊन कटाक्षाने टाळायचे असते. सावळ्या त्वचेवर दाहानंतर काळे डाग पडण्याचा धोका अधिक असल्याने पीलआधी काही आठवडे त्वचेची पूर्वतयारी करून घेतात. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, ओठांवर वारंवार पाण्याचे फोड येतात का, हेही विचारतात. मला यातले एकही विचारले गेले नव्हते. शिवाय वांग उन्हाने आणि संप्रेरकांमुळे पुन्हा उमटतो, त्यामुळे 'कायमचा' हा शब्दच खोटा होता.

पैसे परत मागितले तेव्हा मी घाईत सही केलेला संमतीचा कागद पुढे करून दोष माझ्या नाजूक त्वचेवर ढकलण्यात आला. उरलेल्या पाच वेळांचे पैसे बुडाले. तोंडाच्या कडेचा डाग फिका व्हायला अकरा महिने लागले. वांग आहे तिथेच आहे.