‘रिसेप्टर जागा करणाऱ्या’ बाटलीपासून सावध

आमच्या दाजींना शुगर आहे. सोलापुरात होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयात ‘मोफत मधुमेह तपासणी’ होती, तिथून ते 18 हजारांचं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, घेऊन आले. पावडरच्या छोट्या बाटल्या, सोबत पाणी नि सुया.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. विकणाऱ्याने दाजींना सांगितलेलं शास्त्र ऐकलं, तर त्यात चूक काढता येईना. इन्सुलिन पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, बाहेरून चिकटतं, रिसेप्टरचा आतला भाग टायरोसिन कायनेज (निरोप पुढे ढकलणारं एन्झाइम) म्हणून कामाला लागतो, निरोप पुढे जातो आणि स्नायूंच्या व चरबीच्या पेशींत ग्लुट-4 हे प्रथिन वर येऊन ग्लुकोज आत घेतं. टाइप 2 मध्ये हा निरोप नीट पोचत नाही. इन्सुलिन हे स्वतः 51 अमिनो आम्लांचं पेप्टाइड, हेही खरंच. आणि मग उडी: ‘आमचंही पेप्टाइडच, म्हणजे नैसर्गिक. रिसेप्टर जागा झाला की गोळ्या बंद!’ अहो, विंचवाच्या विषातही पेप्टाइडं असतात.

दाजींनी मेटफॉर्मिन, ही शुगरची गोळी, सोडली. रात्री सारखं पाणी पितात म्हणून ताईने तपासायला लावलं, तर साखर साडेतीनशेच्या वर. पोटावर सुईच्या जागी लाल गाठी.

बाटलीवर परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, मुदत नाही. औषधाच्या लेबलवर हे कायद्यानेच लागतं. तळाशी बारीक इंग्रजीत लिहिलेलं, फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी, माणसांसाठी नाही. सोबतच्या कागदावर ‘शुद्धता 99 टक्के’. त्या आकड्यावरून बाटली निर्जंतुक आहे की नाही, हे कळतच नाही. शिवाय कागदावर बॅच क्रमांक होता, बाटलीवर नव्हता. म्हणजे तो कागद कुणाच्या मालाचा, सिद्धेश्वरच जाणे.

फोन लावला तर उत्तर आलं, ‘लेबलवर लिहिलंय की साहेब, आम्ही कुठं टोचून घ्या म्हटलं?’ ती बारीक ओळ गिऱ्हाइकासाठी नसतेच, याच उत्तरासाठी असते.

घरात अशी बाटली असेल तर फेकू नका. बाटली, कागद, पैसे दिल्याचा पुरावा घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा हँडबिलही जपा. आमचं ताईने कडक भाकरीच्या डब्यात अंथरलं होतं, म्हणून तक्रारीला जोडता आलं.