७७० येनचा गंडम: एन्ट्री ग्रेड आरएक्स-७८-२, काही महिन्यांच्या वापरानंतर

१९७९ ची ‘मोबाइल सूट गंडम’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका बारकाईने पाहणाऱ्यांची एक सवय असते. भाग मध्येच थांबवायचा आणि गंडम या महाकाय रोबोचा हात नेमका कुठे होता, ढाल कशी धरली होती, यावर वाद घालायचा. अशा वेळी टेबलावर हाताळता येईल असं मॉडेल हवं, काचेच्या कपाटातलं नव्हे. याच गंडमचं (आरएक्स-७८-२) एन्ट्री ग्रेड (ईजी), म्हणजे नवशिक्यांसाठीचं जोडायचं प्लास्टिक किट या एकाच कामासाठी कित्येक महिने वापरलं. त्यात काय टिकलं, काय सैल झालं आणि त्यावर उपाय काय, ते सविस्तर लिहितो.

आधी थोडी माहिती. किट २०२० मध्ये बाजारात आलं, तेव्हाची जपानमधली किंमत करासह ७७० येन. भारतात मागवताना वाहतूक आणि सीमाशुल्क धरून ती बरीच चढते, त्यामुळे एकट्यासाठी एक किट मागवण्यापेक्षा तिघाचौघांनी मिळून मागवलेलं परवडतं. प्रमाण १/१४४. मालिकेतला गंडम १८ मीटर उंच, म्हणून मॉडेल साधारण साडेबारा सेंटीमीटरचं. सोबत बीम रायफल आणि ढाल. गोंद लागत नाही, स्टिकर नाहीत, डोळ्यांचा रंगसुद्धा वेगवेगळ्या रंगांचे भाग एकावर एक बसवून साधलेला आहे. हे महिनोन्महिने हाताळताना फार मोलाचं ठरतं. बोटांच्या घामाने सर्वांत आधी सुटतात ते डोळ्यांचे स्टिकर, आणि इथे तो प्रश्नच येत नाही.

जुलै १९८० मध्ये आलेलं पहिलं गनप्ला (गंडमचं प्लास्टिक मॉडेल) याच प्रमाणातलं, ३०० येनचं होतं. त्याला गोंदही लागायचा आणि रंगही. मालिका तोवर संपून सहा महिने झाले होते, तीही ठरलेल्या ५२ ऐवजी ४३ भागांत गुंडाळलेली. पुनःप्रक्षेपण आणि ही मॉडेल्स, या दोन गोष्टींनीच तिला पुन्हा उभं केलं. म्हणून भागांची चर्चा करताना मॉडेल शेजारी असणं मला अगदी रास्त वाटतं.

जोडणीला निपर (कापायची छोटी पक्कड) लागत नाही, भाग हाताने पिळून रनरवरून, म्हणजे ज्या चौकटीला ते जोडलेले असतात तिच्यावरून, सुटतात. पण पिळायचं कसं याला महत्त्व आहे. भाग सरळ ओढला तर गेटपाशी (भाग रनरला चिकटलेला असतो तिथे) प्लास्टिक ताणलं जातं आणि पांढरा डाग उरतो. पांढऱ्या भागांवर तो लपतो, छातीच्या निळ्या भागावर मात्र लांबूनही दिसतो. भाग रनरच्या रेषेतच हळूहळू पुढे-मागे हलवून सोडवा. घरात निपर असेल तर निळ्या आणि लाल भागांना तोच वापरा. पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, दुसरा अगदी लगत. डाग पडलाच तर नखाने जोर देऊन घासा, बराच फिका होतो. उरलेला खवला ६००, मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवा.

आता मुख्य मुद्दा, सांधे. या किटमध्ये पॉलीकॅप नाहीत. जुन्या हाय ग्रेड (एचजी) किट्समध्ये सांध्यात पॉलीकॅप, म्हणजे मऊ प्लास्टिकची टोपी, असते, ती दबते आणि पुन्हा फुगते, त्यामुळे पकड बराच काळ राहते. इथे कडक प्लास्टिकवर कडक प्लास्टिक घासतं. सुरुवातीला सगळं मस्त घट्ट असतं, पण रोज पोज बदलल्या की पृष्ठभाग गुळगुळीत होत जातो आणि पकड कमी होते. आधी मान सैल पडली, कारण डोकं सारखं काढलं-घातलं. मग डावा खांदा, कारण ढालीचं वजन त्याच हातावर. नितंबाचे सांधे अजून चांगले आहेत. गुडघे तर नव्यासारखे. मॉडेलला एका पायावर तोलून धरायचे ते हेच सांधे, त्यामुळे ही मोठी जमेची बाजू.

सैल सांध्यावर सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे पांढरा फेविकॉल. टूथपिकच्या टोकाने सांध्यातल्या गोळ्यावर पातळ थर द्या, सांधा उघडाच ठेवून रात्रभर वाळू द्या, मग बसवा. पुन्हा सैल झाला तर थर सोलून काढता येतो. फेवीक्विकसारखा सुपर ग्लू जास्त टिकतो, पण पूर्ण वाळण्याआधी सांधा बसवला तर तो कायमचा जाम. शिवाय त्याच्या वाफेने जवळच्या पारदर्शक किंवा चकचकीत भागांवर पांढुरकी साय धरते, म्हणून मानेवर काम करताना डोकं दूर ठेवा. नेल पॉलिशचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो मानू नका. त्यातलं द्रावण या प्लास्टिकला विरघळवतं.

आता प्रसंगांकडे. शेवटच्या, ४३ व्या भागातला तो क्षण, डोकं आणि डावा हात उडालेला गंडम उजवा हात वर करून रायफल झाडतो, तो या किटवर झकास जमतो. डोकं आणि डावा हात ओढून काढा. पाय फाकवून पावलं पूर्ण टेकवा आणि कंबर किंचित मागे कलवा. उजवा हात खांद्यापासून सरळ वर न्या. इथे सगळे एक चूक करतात, कोपर वाकलेलं ठेवतात. पडद्यावर हात ताठ आहे आणि सगळी जरब त्या ताठपणातच आहे. तसंच डोकं काढल्यावर मानेची खुंटी उघडी पडते. तिच्यावर काळ्या मार्करचा ठिपका दिला की नजरेला खटकत नाही.

२४ व्या भागात डोम नावाच्या शत्रूच्या तीन रोबोंशी झुंजताना गंडम गाया या चालकाच्या डोमवर पाय देऊन उडी घेतो, त्या पोजसाठी मांडी बरीच वर जाते आणि गुडघा तिथेच टिकतो. पण दुसरं पाऊल हवेत असल्याने स्टँड हवाच, नुसत्या डोमच्या डोक्यावर तोल सांभाळत नाही. पहिल्या भागातला झाकू (शत्रूचा रोबो) कापण्याचा प्रसंग मात्र या डब्यातून होत नाही, बीम सेबर या तलवारीचं गुलाबी पातं यात येत नाही. इतक्या महत्त्वाच्या शस्त्राविना किट देणं ही माझ्या मते यातली सर्वांत मोठी उणीव. झाकूच्या तोंडाची नळी उपटण्याचा प्रसंग त्याच भागातला आहे आणि त्याला नुसते हात पुरतात, तो करून पाहा.

पॅनेल लाइन (भागांवरच्या खाचांतल्या रेषा) करायच्या असतील तर पांढऱ्यावर करडा, लालवर तपकिरी, निळ्यावर काळा मार्कर. बारीक निबचा घ्या, आपोआप ओघळणारा नको. ओघळणाऱ्या शाईतलं द्रावण घट्ट बसवलेल्या भागांच्या फटीत शिरतं, तिथे आधीच ताण असतो, आणि काही दिवसांनी खुंटीपाशी तडा जातो. तोच मार्कर वापरायचा असेल तर भाग सुटे असताना वापरा, पूर्ण वाळू द्या, मग जोडा.

मॅट टॉपकोटने (वरून मारायच्या स्प्रेने) प्लास्टिकचा खेळण्यासारखा चकाकीपणा जातो आणि पिळण्याचे डागही झाकले जातात. पण मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हा स्प्रे उघडूच नका. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असली की थर वाळताना ओल धरतो आणि सगळ्या मॉडेलवर दुधाळ पांढरेपणा येतो. असं झालंच तर कोरड्या दिवशी वरून ग्लॉसचा पातळ थर द्या, पांढरेपणा बहुतेक जातो, मग पुन्हा मॅट. फवारा २०-३० सेंटीमीटरवरून, एका जाड थराऐवजी तीन पातळ. सांध्यांचे गोळे मास्किंग टेपने झाका, नाहीतर थर सोलून भुकटी होते आणि सांधे आणखी बिघडतात.

धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झाडा. सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा कपडा लावू नका, मार्करच्या रेषा पुसल्या जातात. खिडकीतल्या उन्हात ठेवल्यास पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं.

रिअल ग्रेड घ्यावं का, असं विचारणाऱ्यांसाठी: २०१० चं रिअल ग्रेड आरएक्स-७८-२ तपशिलात कितीतरी पुढे आहे, पण त्याचे चिलखताचे तुकडे बारीक आहेत आणि सारखं हाताळलं की सुटून पडतात. ते एकदा पोज देऊन ठेवायचं मॉडेल. चर्चेच्या टेबलासाठी ईजीच घ्या, आणि सेबरसाठी एखादं एचजी किट जोडीला मागवा. मागवण्याआधी पात्याचा दांडा या मुठीत बसतो का, ते मात्र विक्रेत्याला विचारा.