अ‍ॅमस्टरडॅमची कालवा-सफर: तिकीट काढण्याआधी मार्गाचा नकाशा बघा

अ‍ॅमस्टरडॅमच्या सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच धक्क्याला काचेच्या छताच्या लांबलचक बोटी लागलेल्या दिसतात. बहुतेक जण पहिली दिसेल ती पकडतात. तसं करू नका, आधी मार्गाचा नकाशा बघा. तासाभराच्या फेरीतला बराच वेळ काही बोटी स्टेशनमागच्या ‘आय’ (IJ) नावाच्या जलाशयाच्या रुंद पाण्यात घालवतात. तिथं नव्या इमारती आणि फेरीबोटी दिसतात, पण ज्यासाठी इथवर आलो ती १७व्या शतकातल्या व्यापाऱ्यांची घरं राहून जातात. हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त (ग्राख्त म्हणजे कालवा) यांपैकी निदान दोन नकाशात असायलाच हवेत. युनेस्कोनं २०१० साली जागतिक वारशाच्या यादीत घेतला तो हाच पट्टा.

बोटी मुख्यतः दोन प्रकारच्या. काचबंद बोटीत टेबलं, हीटर आणि बहुतेक ठिकाणी शौचालयही असतं, माहिती हेडफोनवर मिळते. सोबत वयस्कर माणसं असतील किंवा थंडी-पाऊस असेल तर हीच घ्यावी. तिचा त्रास काचेचा. पावसात ती आतून धुरकटते, उन्हाळ्यात आत उकडतं आणि फोटोत आपलंच प्रतिबिंब येतं. मधल्या रांगेत बसलं तर शेजाऱ्याच्या डोक्यावरून बघावं लागतं. म्हणून पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचून खिडकी धरावी आणि फोटो काढताना मोबाइल काचेला टेकवावा. काही बोटींच्या मागच्या टोकाला उघडी जागा असते, ती मिळाली तर उत्तमच.

लहान उघड्या बोटीत माणसं मोजकी, माहिती खुद्द चालवणाराच सांगतो आणि काही विचारलं तर उत्तर मिळतं. हल्ली यातल्या बऱ्याच बोटी बॅटरीवर चालतात, त्यामुळे इंजिनाची घरघर नसते. आपण पाण्याच्या जवळ बसलेलो असतो, पुलाखालून जाताना कमानीच्या विटा डोक्यावरून हातभर अंतरावरून सरकतात. शौचालय मात्र नसतं, आणि जुलैतसुद्धा संध्याकाळी पाण्यावरचा वारा झोंबतो, जाकीट न्यावंच. हवा बरी असेल तर आमची शिफारस हीच बोट.

बघताना नजर वर, घरांच्या माथ्यांवर ठेवा. कुठं पायऱ्या-पायऱ्यांचा माथा, कुठं मानेसारखा उभा, कुठं घंटेच्या आकाराचा. जवळजवळ प्रत्येक माथ्यातून एक तुळई बाहेर आलेली असते आणि तिला लोखंडी आकडा. घरं अरुंद, जिने त्याहून अरुंद, त्यामुळे कपाट-पलंग आजही दोरानं ओढून खिडकीतून आत घेतात. ओढताना सामान भिंतीवर आपटू नये म्हणून कित्येक घरांचा दर्शनी भाग मुद्दाम पुढं झुकता बांधलाय. काही घरं मात्र शेजारच्या घरावर, कडेला कललेली दिसतात. त्याचं कारण वेगळं. सगळं जुनं शहर दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे, आणि खांब खचले की घर कलतं.

हेरेनग्राख्तच्या ‘सोनेरी वळणा’वर हीच घरं एकदम दुप्पट रुंद होतात, कारण बड्या धनिकांनी इथं दोन-दोन प्लॉट जोडून घेतले. तिथून पुढं रेग्युलिअर्सग्राख्तच्या तोंडाशी सात पुलांच्या कमानी एकामागं एक दिसतात. हे दृश्य काही सेकंदच टिकतं, मोबाइल आधीच काढून ठेवा. प्रिन्सेनग्राख्तवरचं अ‍ॅन फ्रँकचं घरही वाटेत येतं, पण ती नाझींपासून लपली होती तो भाग मागच्या बाजूला आहे, बोटीतून फक्त पुढची इमारत दिसते. आत जायचं तर संग्रहालयाचं तिकीट वेगळं आणि ऑनलाइनच मिळतं. बोटीच्या भरवशावर राहू नये.

मार्ग पूर्वेकडं गेला तर सागरी संग्रहालयापाशी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाची प्रतिकृती नांगरलेली दिसते. कोकणातल्या माणसानं तिथं जरा थांबून बघावं. वेंगुर्ल्याची डच वखार याच कंपनीची.

वेळ सूर्यास्ताच्या तासभर आधीची. विटांवर तांबूस ऊन येतं आणि परतताना पुलांच्या कमानींवरचे दिवे लागतात. जूनमध्ये त्यासाठी रात्री नऊची फेरी धरावी लागते, डिसेंबरात दुपारी साडेतीनची. शनिवार-रविवारी दुपारी कालव्यात इतकी गर्दी होते की बोट अरुंद पुलांपाशी नुसती उभी राहते. २७ एप्रिलच्या राजाच्या वाढदिवसाला आणि ऑगस्टमधल्या प्राइडच्या (एलजीबीटी समुदायाच्या बोटींवरच्या मिरवणुकीच्या) शनिवारी मार्ग बदलतात किंवा फेऱ्याच बंद असतात; त्या दिवशी काठावरून बघणं बरं.

मोठ्या बोटीचं तिकीट साधारण १५ ते २५ युरो, उघडीचं त्याहून काहीसं जास्त. बाबागाडी असेल तर आधी विचारून घ्या, लहान बोटी ती घेत नाहीत. चढायला लाइडसेप्लेन किंवा राइक्सम्युझियमजवळचा धक्का निवडला तर स्टेशनसमोरची रांग टळते, आणि बोट सुटल्यावर थोड्याच वेळात आपण जुन्या कालव्यांत असतो.